सगळ्यांना एकच पिन

३ एप्रिल, गुरुवार

दिवसभर पोरींवर ओरडून घसा बसतो, तरी थोडं ओरडायचं राहतंच. ते आजपासून इथं लिहून टाकणार.

आज आप्पांनी ऑफिसात बोलावलं. आप्पा म्हणजे गुरुपादप्पा, या हॉस्टेलचे मालक. नीटच्या क्लाससाठी लातुरात आलेल्या पोरी इथं राहतात आणि मी त्यांची रेक्टर. त्याआधी उदगीर डेपोला कंडक्टर होते. काम तेच आहे. फरक एवढाच, की एसटीतले प्रवासी कधी ना कधी उतरून जायचे.

आप्पांना कुण्या पालकाचा फोन आला म्हणे. हॉस्टेलात एक पोरगी चोरून मोबाईल वापरते. आपल्याकडं पोरींचे मोबाईल ऑफिसच्या कपाटात बंद असतात, रविवारी घरी बोलण्यापुरते मिळतात. त्यात परीक्षा तोंडावर आलेली.

"शिवम्माबाई, फोन सापडला पाहिजे. न्हाई तर पुढच्या साली तुमचं काय करायचं ते बघू."

आप्पा "बघू" म्हणतात तेव्हा त्यांचं बघून झालेलं असतं.

मी म्हटलं, "आप्पा, बिनतिकिटाचा माणूस मी पायरीवरच तोंड बघून ओळखायची. पोरीचं तोंड काय झाकून राहतंय?"

५ एप्रिल, शनिवार

फोन शोधणं अवघड. गादीत शिवतील, पिठाच्या डब्यात पुरतील. मग डोकं लावलं. फोन शोधायचाच कशाला? त्याचं खाणं बंद करायचं. चार्जर जप्त! मेस सांभाळणाऱ्या केवळाबाईला हे लई पटलं. "उंदराचं बी असंच करत्यात," म्हणाली.

खोल्या फिरले, बादलीभर चार्जर गोळा झाले. पण प्रत्येकीचं एकच रडगाणं, "मॅडम, हा मोबाईलचा न्हाई." बिलोलीची पुनम सगळ्यांत पुढं. हिला डॉक्टर कशाला करून राहिलेत कोण जाणे, ही जन्मजात वकील.

"हा लॅम्पचा हाय मॅडम. तो मच्छर मारायच्या रॅकेटचा. तो गळ्यातल्या पंख्याचा. तो टॉर्चचा."

"मग ह्यात मोबाईलचा कुठला?"

"मोबाईलला ह्यातला कुठलाबी चालतो. आता सगळ्यांना एकच पिन. टाइप-सी."

पिन बघितली. लंबगोल, गुळगुळीत. उलटी घाला नाही तर सुलटी, जातेच. पूर्वी पिन बघून चार्जरचं कूळ कळायचं. ही काडीसारखी बारीक, ही चपटी, ही पट्टीसारखी रुंद. एकाचा दुसऱ्याला चालायचा नाही. घरोघरी भांडणं व्हायची, पण शिस्त होती. आता हा नुसता पास झालाय, कुठल्याबी गाडीत चढा. सगळेच जप्त केले.

एकटीनंच वाद घातला नाही. अलीझा, मुदखेडची, पुनमच्या खोलीतली. ओढणी कानावरून घट्ट, तोंडाला कुलूप. निमूट चार्जर माझ्या हातावर ठेवला आणि माझ्या तोंडाकडं टक लावून बघत राहिली. पहिल्या बॅचमधली हुशार पोर. मागून हाक मारली तर वळून बघत नाही. गुर्मी, दुसरं काय! बिनतिकिटाचा माणूस असाच गप असतो.

७ एप्रिल, सोमवार

पोरींचे लॅम्प विझले आणि आईबाप पेटले. आप्पांचा फोन सारखा वाजला. शेवटी त्यांनी भल्यामोठ्या ताकदीचा एकच चार्जर आणला. डुकरिणीला पिलं लोंबावीत तशा त्याला वायरी लोंबतात. तो ऑफिसातल्या टेबलावर मांडलाय. ज्या पोरीला जे चार्ज करायचं, ते संध्याकाळी माझ्या डोळ्यांदेखत.

मला धास्ती, एवढ्या ताकदीनं बारकासा पंखा फुटायचा. पुनम म्हणाली, "न्हाई फुटत. पिन लावली की दोघं आधी एकमेकाशी बोलत्यात. चार्जर म्हणतो, माझ्यापाशी एवढं हाय. वस्तू म्हणते, मला एवढंच पाहिजे. तेवढंच देतो."

"मग तुझा लॅम्प का लागत न्हाई?"

"स्वस्तातला हाय मॅडम. ह्याला मागायचं कसं तेच शिकवलं न्हाई. जुना चार्जर न विचारता वाढायचा. हा मागितल्याबिगर देत न्हाई."

लेकरू रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, हा तर चार्जर. अशा मुक्या लॅम्पांसाठी बादलीतले जुने चौकोनी तोंडाचे चार्जर काढून टेबलावर ठेवले. ते बिचारे कुणालाही वाढतात.

१० एप्रिल, गुरुवार

अलीझानं टेबलावर अजून काहीच आणलं नाही. लॅम्प नाही, पंखा नाही, टॉर्च नाही. मग चार्जर बाळगून होती कशाला? ज्याच्या हातात सामान दिसत नाही त्यानं ते टपावर टाकलेलं असतं. तिच्यावर नजर ठेवलीय.

दुपारी पुनम आली. "मॅडम, एखाद्या पोरीला एक चार्जर खोलीत ठेवू दिला तर?"

"कोणत्या पोरीला?"

जरा घुटमळली. "मलाच."

"तुला तर मुळीच न्हाई."

१३ एप्रिल, रविवार

मी म्हटलं होतं ना! सराव परीक्षेचे मार्क आले आणि अलीझा धाडकन खाली. क्लासवाले म्हणतात असंच चाललं तर मागच्या बॅचला टाकू. सर शिकवत असतात आणि ही खिडकीबाहेर बघत असते म्हणे. पुनम शेजारी बसून सगळं मोठ्या अक्षरात लिहून तिच्यापुढं सरकवते. म्हणजे आता हिला स्वतः लिहायचाही कंटाळा.

केवळाबाई म्हणाली, "पोरीला इचारलं, वरण वाढू का, तर म्हणती शनिवारी."

मला या रोगाची चांगली माहिती आहे. डेपोतल्या कितीतरी जणांची दारू सुटताना बघितलीय. आधी असंच. नजर हरवते, विचारलं एक की उत्तर भलतंच. फोनचं खाणं तोडल्यामुळं पोरीला तलफ आलीय. इलाज लागू पडून राहिलाय. आप्पांना सांगितलं, ते खूश झाले.

१६ एप्रिल, बुधवार

सापडलं!

स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. केवळाबाई भजनं ऐकायला एक बारका स्पीकर ठेवते. त्याचा चार्जर जप्त करायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बघते तर त्या चार्जरला स्पीकर नाहीच. वायर डाळीच्या डब्यामागं गेलेली आणि तिच्या टोकाला पांढरी डबी, साबणाच्या वडीएवढी. उघडली तर आत दोन कानात घालायची यंत्रं. ब्लूटूथ!

"केवळाबाई, हे काय?"

"मला कायबी ठाव न्हाई. मी भाकरी करून राहिले." तव्यावर भाकरी नव्हती.

तेवढ्यात अलीझा आली. डबी माझ्या हातात बघून पांढरी पडली. "मॅडम, माझं हाय." एवढंच. मी विचारलं फोन कुठंय, कुणाशी बोलतेस, आईबापानं याच्यासाठी पाठवलंय का. ती आपली माझ्या तोंडाकडं बघतीय. मी डबी ठेवायला पाठ फिरवून विचारलं तर उत्तरच नाही. इतका उद्धटपणा मी बाजारच्या दिवशीच्या गाडीतसुद्धा सोसला नव्हता.

लगेच आप्पांना फोन लावला. ते म्हणाले, शनिवारी तिच्या बापाला बोलवा, सामानासकट पाठवून देऊ. बाकीच्यांना धाक बसेल.

गड जिंकल्यासारखं वाटलं पाहिजे. पुनम माझ्याशी बोलेना झालीय. न बोलू दे.

१७ एप्रिल, गुरुवार

आज काय लिहू. लिहिते.

सकाळी ऑफिसात बसून ती यंत्रं माझ्या फोनला जोडायला बघितली. म्हटलं कुठला फोन आहे त्याचा पत्ता लागेल. काही केल्या जुळेना. मग म्हटलं, कानात तरी घालून बघू, गाणी ऐकते का आणखी काय.

घातलं आणि कुईं करून शिट्टी वाजली. मी खुर्चीतून उडाले. दाबून बसवलं. मग सगळं हॉस्टेल माझ्या डोक्यात शिरलं. पंख्याची घरघर म्हणजे घाटात चढणारी गाडी. मेसमध्ये केवळाबाई भाकरी थापत होती, ती माझ्या टाळूवर थापल्यासारखी. भिंतीवर पाल चुकचुकली, ती कानात बसून चुकचुकली. गाणं कुठंच नाही.

आणि मला आमचे नरसिंग ड्रायव्हर आठवले. आयुष्य इंजिनाशेजारी गेलं, शेवटी कानाला मशीन लागली. ती अशीच शिट्टी मारायची. त्यांच्या मशीनला बटणासारखे सेल लागायचे, डबी नव्हती, म्हणून मला ओळखू आलं नाही. आता मशीनसुद्धा चार्ज होते. त्याच पिनीवर. ज्या पिनीवर मी बंदी घातली.

दोन्ही कानांतून काढून डबीत ठेवलं. मागून हाक मारल्यावर न वळणारी पोर. तोंडाकडं बघणारी पोर. शनिवारी वरण मागणारी पोर. बिनतिकिटाचा माणूस तोंड बघून ओळखते म्हणे! माझ्या तोंडात शेण.

अलीझाच्या खोलीत गेले. पुनम दारात आडवी उभी राहिली. "आता काय जप्त करायचंय?"

"सरक," म्हटलं, आणि अलीझाच्या समोर जमिनीवर बसले, माझं तोंड तिला दिसेल असं. डबी तिच्या हातात दिली. तिनं घाईघाईनं मशीन घातली, ओढणी सारखी केली आणि मग रडली. आधी नाही, मशीन घातल्यावर. आधी तिला स्वतःचं रडणंसुद्धा नीट ऐकू आलं नसेल.

मी म्हटलं, "अगं, एक शब्द बोलायचास."

"मुदखेडच्या शाळेत सगळ्यांना ठाव होतं, मॅडम. बहिरी म्हणूनच हाक मारायचे. एक मॅडम तर म्हणाल्या, डॉक्टर कशी होणार, डॉक्टरला कानानंच तर ऐकायचं असतं छातीतलं. इथं कुणाला ठाव नव्हतं. पुनमला कळलं, तिनं केवळाबाईंना सांगून चार्जिंगचं बघितलं. बाकी कुणाला न्हाई."

"आपण आप्पांना खरं सांगू. ते काय वाघ न्हाईत."

"न्हाई मॅडम!" तिनं माझा हातच धरला. मग पुनमच बोलली, "आप्पा काय करतील सांगू? हिला काढणार न्हाईत. हिचा चौकात फ्लेक्स लावतील. 'कानानं अधू, तरी आमच्या हॉस्टेलमुळं यशस्वी.' हिचा फोटो वर, आप्पांचा त्याच्याहून मोठा."

हे मात्र खरं होतं. मागच्या साली एका पोरीचे वडील वारले, तर आप्पांनी तेही फ्लेक्सवर टाकलं होतं.

"सांगितलं तर मी परीक्षाच देणार न्हाई," अलीझा म्हणाली. आणि तोंड असं केलं, की मला कळलं, ही देणार नाही.

शनिवारी बाप येणार. आगीत तेल मीच ओतलंय, आता फुंकून कसं विझवू?

१९ एप्रिल, शनिवार

अलीझाचे वडील खाजाभाई सकाळीच आले. मुदखेडला त्यांचं गादीघर आहे, भुवयांवर अजून कापूस होता. आप्पांनी डबी यंत्रांसकट मागवून घेतली होती, ती टेबलाच्या मधोमध ठेवून बसले. अलीझा बापाशेजारी, मी चहाच्या थर्मासजवळ.

"खाजाभाई, हे काय हाय?" आप्पांनी विचारलं.

खाजाभाईंनी पोरीकडं बघितलं. पोरीनं मान हलवली, नको म्हणून. "साब," ते म्हणाले, "पोरगी गलत काम करणार न्हाई. बाकी मी काय बोलू..." त्यांचा हात डबीकडं गेला. आणखी एक क्षण गेला असता तर बोलले असते.

"आप्पा, ते माझं हाय," मी म्हटलं.

कुठून आलं ते माहीत नाही. आलं खरं.

"तुमचं?"

"ऐकायची मशीन हाय. सगळी हयात एसटीच्या इंजिनापाशी गेली, कान गेले. लाज वाटते म्हणून कुणाला बोलले न्हाई."

"पण बाई, तुम्हीच मला फोन केला, पोरीची डबी धरली म्हणून!"

इथं माझी गाडी चिखलात रुतली. तेवढ्यात दाराआडून पुनम आत आली. जन्मजात वकील.

"आप्पा, मॅडमनीच आम्हाला चार्जिंगला दिली होती ती. मॅडमच्या मोबाईलची पिन जुनी, चपटी. त्यांचा चार्जर मशीनला लागत न्हाई. केवळाबाईंच्या स्पीकरचा लागतो. आता सगळ्यांना एकच पिन हाय न्हवं."

"दिली आणि विसरल्या?"

"वय झालं, आप्पा," मी म्हटलं. "आणि मशीन तिकडं चार्जिंगला, कानात कायच न्हाई. पोर ओरडून सांगत होती, मॅडम तुमचीच हाय, तुमचीच हाय. मला ऐकू आलं तर ना!"

आप्पा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हणूनच! म्हणूनच मी सांगितलेलं एकबी काम होत न्हाई!"

मी मान खाली घातली. खाली घालायलाच पाहिजे होती, हसू आलं होतं.

पण आप्पा काही दुधखुळे नाहीत. मी चहा ओतायला वळले तेव्हा मागून हळूच म्हणाले, "शिवम्माबाई, उद्यापासून तुम्ही येऊ नका."

हात हलू दिला नाही. कप भरला, दुसरा भरला, थेंब सांडला नाही. धावत्या गाडीत तिकिटं फाडणाऱ्या बाईचा हात आहे हा. वळून आप्पांना म्हटलं, "साखर कमी घातलीय."

"खरंच ऐकू येत न्हाई हो," आप्पा खाजाभाईंना म्हणाले, आणि माझ्यासमोर येऊन भोंग्यासारखे ओरडले, "मशीन लावा कानात! रोज लावत जा!"

"उतरलीय ती, आप्पा. अलीझा, जा पोरी, लाव चार्जिंगला. आणि चार्जर खोलीतच ठेव, मला रोज लागणार."

अलीझानं डबी उचलली आणि गेली. बादलीतनं तिचा चार्जर मी स्वतः शोधून दिला. सगळे सारखेच, तरी तिचाच शोधून दिला.

खाजाभाई जाताना माझ्यापुढं हात जोडून उभे राहिले, पण त्यांना काही बोलता येईना. मी म्हटलं, "जोरात बोला, मला ऐकू येत न्हाई." तेव्हा कुठं हसले.

उद्यापासून येऊ नका, हे आप्पांनी परीक्षा बघायला म्हटलं का खरंच म्हटलं, ते कळायला आता मार्ग नाही. विचारणार कशी?

२० एप्रिल, रविवार

कामावर गेले. कुणी काही म्हटलं नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

आप्पा आता माझ्याशी फक्त ओरडून बोलतात. पाण्याचा टँकर कधी येणार, मेसचा गॅस कधी संपला, सगळ्या गल्लीला ठाऊक असतं. ओरडून त्यांचा घसा बसतो, म्हणून आताशा बोलवतच नाहीत. नोकरीत एवढं सुख मला कधीच लागलं नव्हतं. पंचाईत एवढीच, की माझ्यादेखत माझ्याबद्दल काहीबाही बोलतात आणि मला बाहुलीसारखं बसावं लागतं.

आज असंच बसले होते आणि त्या पालकाचा पुन्हा फोन आला. आप्पा त्याला सांगत होते, "अहो, आमच्याकडं झडती घेतली, कायबी न्हाई." मग, "समोरच्या? समोरच्या हॉस्टेलात म्हणाला होता तुम्ही? मला वाटलं..." मग माझ्याकडं बघून, ऐकू गेलं नाही याची खात्री करून घेतली.

मी पंख्याकडं बघत बसले.

जप्त केलेले सगळे चार्जर परत वाटले. आपापला ओळखता येईना म्हणून मारामारी झाली. मग पुनम म्हणाली, कुणाचाबी घ्या, काय फरक पडतो. खरंच काही पडला नाही. अलीझा पुन्हा सरांकडं बघून राहिलीय असं क्लासमधून कळलं.

४ मे, रविवार

परीक्षा झाली. ऊन असं, की लातूरची गल्ली तव्यासारखी.

पोरींना केंद्रावर सोडायला मी गेले. खाजाभाईही पहाटेच मुदखेडहून निघून आले होते. फाटकाशी रांग, आईबाप, डबे, देवाचे अंगारे. मी अलीझाला विचारलं होतं, आत जाताना कानाचं काय करणार. ती म्हणाली, "प्रश्न वाचायचे असतात मॅडम, ऐकायचे न्हाईत." मशीन काढून डबी बापाच्या हातात दिली.

फाटकाशी तपासणीच्या बाई सगळ्यांना एकाच दमात सांगत होत्या, हात वर, चपला काढा, ओढणी बाजूला. अलीझाची पाळी आली. बाई मान खाली घालून पुटपुटल्या. मला वाटलं, झालं, आता ही गोंधळणार. मी पुढं सरकणार होते.

अलीझा म्हणाली, आणि फाटकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "मॅडम, मी बहिरी हाय. माझ्याकडं बघून सांगा."

रांगेतल्या पोरी वळल्या. आमच्या हॉस्टेलच्याही होत्या. बाईंनी मान वर केली, तिच्याकडं बघून एकेक शब्द सुटा करून सांगितला. अलीझानं हात वर केले, चपला काढल्या, ओढणी कानांवरून मागं सारली आणि आत गेली. खाजाभाई भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मी त्यांना पाण्याची बाटली दिली आणि माझा चष्मा पुसला.

संध्याकाळी पोरी बाहेर आल्या. पुनम बाहेर आली तीच भोकाड पसरत. "फिजिक्सनं मारलं मॅडम! माझं वाटोळं झालं! मी आता बिलोलीला तोंड कसं दाखवू!" सगळं फाटक बघायला लागलं. मी समजावतेय, ती आणखी वरच्या पट्टीत.

मागून अलीझा शांतपणे आली. बापाकडून डबी घेतली, सगळ्यांसमोर मशीन एका कानात घातली, मग दुसऱ्या. क्षणभर पुनमचं रडणं कान देऊन ऐकलं.

"मॅडम," म्हणाली, "काढून परत डबीत ठेवू का?"